शाळेतलं ‘औषध मारणं’ थांबवलं, त्याचे अकरा महिने

ऐरोलीतल्या एका शाळेत मी प्रशासनाचं काम बघते. पगारबिलं, यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती, पंखेदुरुस्ती, पाण्याची टाकी, सगळं माझ्या टेबलावरून जातं. दर महिन्याचं पेस्ट कंट्रोलही जायचं. तळमजला अधिक तीन मजले, २८ वर्गखोल्या, बालवाडी, कॅन्टीन, दोन सत्रं असा आमचा पसारा आहे. महिन्यातून एका शुक्रवारी संध्याकाळी माणूस पाठीला पंप लावून यायचा, तासाभरात सगळी शाळा फिरून जायचा आणि मी वहीत सही करायचे. सात वर्षं मी ती सही केली.

१९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी पावसाचा जोर होता, म्हणून दुपारचं सत्र सुटल्यावर वर्गांच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. फवारणी झाली, दारं बंद झाली. शनिवारी सकाळी तिसरीची मुलं वर्गात बसली आणि आठच्या आत दोघांना उलट्या झाल्या, एका मुलीला धाप लागली. तिला आधीपासून दमा होता. तिचा इनहेलर दप्तरात होता म्हणून निभावलं. मी वर्गात शिरले तर नाकात झोंबलं, डोळ्यांतून पाणी आलं. मुलांना मैदानात आणलं, हात-तोंड धुवायला लावलं, तिघांना रिक्षाने जवळच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “काय मारलं होतं?”

मला सांगता येईना. पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन लावला. “मॅडम, चांगल्या कंपनीचं आहे, काळजीचं काही नाही.” नाव विचारलं तर म्हणाला, “पोरगा मिसळतो, त्याला विचारून सांगतो.” डॉक्टर माझ्याकडे बघत थांबले होते. मुलं दुपारपर्यंत सावरली, संध्याकाळी घरी नीट होती. त्या औषधाचं नाव मात्र मला सोमवारीही कळलं नाही, पुढेही कधी कळलं नाही.

पुढचं वाचायच्या आधी एक काम करून ठेवा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे. त्याचा नि:शुल्क क्रमांक १८०० ११६ ११७. तो ऑफिसच्या फोनशेजारी चिकटवा आणि त्याखाली तुमच्या शाळेत वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक औषधाचं नाव लिहा.

सोमवारी, २२ जुलैला, मी कंत्राटाची फाइल काढली. करार एका पानाचा होता. ‘मासिक पेस्ट कंट्रोल, ३,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी.’ वर्षाचे ४२,४८० रुपये होत होते. कुठली कीड, कुठलं औषध, किती प्रमाण, मुलं कधी आत येऊ शकतात, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. परवान्याची प्रतही नव्हती. करारावर सही संस्थेची होती, पण कागद तपासायचं काम माझं होतं, आणि त्या दिवशी मला त्याचं फार वाईट वाटलं.

त्या रात्री नारायणगावला दादाला फोन केला. दादा टोमॅटो लावतो. त्याला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, “अगं, पण कीड किती होती?” मी म्हटलं, माहीत नाही. “मग मारलं कशावर? आधी मोजायचं असतं. मोजल्याशिवाय पंप खांद्याला लावायचा नाही, हे आम्हाला कृषी सहायक वर्षानुवर्षं सांगतायत.” मग त्याने एकात्मिक कीड व्यवस्थापन (आधी कीड मोजायची, तिच्या वाटा बंद करायच्या, औषध शेवटी आणि गरजेपुरतंच) आणि आर्थिक नुकसानीची पातळी (कीड किती वाढली की उपाय करायचा ती मर्यादा) हे शब्द काढले. लहानपणी वडिलांच्या तोंडून मी हे शब्द ऐकले होते, पण ते शेतातले कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर किडे ओढणारे) आणि निंबोळी अर्कापुरते आहेत असं धरून चालले होते. पुढच्या दोन-तीन रात्री मी वाचत बसले. लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक शाळांनी हेच धोरण १९९९ मध्ये स्वीकारलं होतं. कॅलिफोर्नियात २००० च्या कायद्यापासून शाळेत फवारणी करायची तर २४ तास आधी सूचना लावावी लागते आणि ती नंतरचे ७२ तास तशीच ठेवावी लागते. आमच्याकडे सूचना लावायची पद्धतच नव्हती.

२४ जुलैला संस्थेची बैठक झाली. पालकांची तीन पत्रं आली होती, त्यामुळे फवारणी थांबवायला कोणी विरोध केला नाही. पण सचिव सरांनी स्पष्ट विचारलं, “बंद केली आणि कॅन्टीनमध्ये झुरळं झाली, तर उत्तर कोण देणार?” मी एक महिना मागून घेतला. तो मिळाला.

पहिली पाहणी २ ऑगस्टला रात्री नऊला केली. दिवसा शाळा स्वच्छच दिसते, म्हणून रात्र. सोबत शिपाई काका आणि कॅन्टीनच्या मावशी होत्या. दिवे तासभर आधी बंद ठेवले, हातात टॉर्च, पेन्सिल आणि शाळेचा नकाशा. पेन्सिल लिहायला आणि मापायलाही, कारण पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर आत येतो. तळमजल्याच्या अकरा दारांपैकी नऊ दारांखालून ती आरपार गेली. मागच्या कुंपणाच्या भिंतीलगत घुशीने उकरलेल्या मातीचे चार ढीग होते. कॅन्टीनच्या फ्रिजमागे टॉर्च मारला तर भिंत हलल्यासारखी वाटली. मावशी दोन पावलं मागे सरल्या. ती लहान, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेली झुरळं होती. त्यांना जर्मन झुरळ म्हणतात. मादी अंड्यांची पुडी पोटाला धरूनच फिरते आणि एका पुडीत तीस-चाळीस पिल्लं असतात.

ओट्याखाली, पाम तेलाच्या डब्याला खेटून, पाण्याची एक लिटरची बाटली होती. आत ताकासारखं पांढरं पाणी, निम्म्याच्या वर. मी उचलली. मावशी म्हणाल्या, “ते औषध आहे मॅडम. मध्ये झुरळं दिसली तर शिंपडा म्हणून तो पोरगा ठेवून जातो.” बाटलीवर पाण्याच्या कंपनीचं लेबल तसंच होतं. झाकण सैल होतं. शेजारी तेल, वर मिठाची बरणी, आणि सकाळी सातला याच ओट्यावर उपमा व्हायचा.

१६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात, गंडामन गावच्या शाळेत, दुपारच्या जेवणातून विषबाधा होऊन २३ मुलं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं होतं, शेतात फवारायचं कीटकनाशक. ती बातमी आली तेव्हा मी या शाळेत नवीन होते आणि आम्ही सगळे स्टाफरूममध्ये सुन्न बसलो होतो. अकरा वर्षांनी ती बाटली हातात धरून मी कॅन्टीनमध्ये उभी होते. घरी गेल्यावर मला झोप आली नाही.

ती बाटली आम्ही मोरीत ओतली नाही. पिशवीत बांधून, वर ‘विष, हात लावू नये’ लिहून, कुलपात ठेवली आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला लेखी पोच घेऊन परत दिली. तुमच्याकडे अशी बाटली असेल तर तसंच करा. असेलच, एकदा ओट्याखाली हात घालून बघा.

५ ऑगस्टच्या सोमवारी ४० चिकट सापळे लावले. पुठ्ठ्याचे, घडी घालून तंबूसारखे होणारे, आत डिंक. सगळे मिळून १,२०० रुपये. प्रत्येकावर नंबर आणि तारीख, तोच नंबर नकाशावर. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी. पुढच्या सोमवारी मोजले. चाळीस सापळ्यांत मिळून २१४ झुरळं. त्यातली ८८ एकट्या १७ नंबरात, म्हणजे फ्रिजमागे. ओट्याखाली ४६, स्टाफरूमच्या चहाच्या कोपऱ्यात २१, आणि तळमजल्यावरच्या मुलींच्या स्वच्छतागृहात १६, ती मात्र गटारातून येणारी मोठी लाल झुरळं. म्हणजे २१४ पैकी १७१ चार जागी. बावीस सापळे पूर्ण रिकामे होते आणि त्यातले बहुतेक वर्गखोल्यांतले.

हा कागद मी कितीतरी वेळ बघत बसले. सात वर्षं आम्ही २८ वर्गांत दर महिन्याला विष फवारत होतो. झुरळं फ्रिजच्या कॉम्प्रेसरच्या उबेत होती. तिथे पंपाची नळी जातही नव्हती.

डासांचं काम मात्र ताबडतोब सुरू करावं लागलं, कारण ऑगस्ट हा डेंग्यूचा महिना. एडिस डास दिवसा चावतो, म्हणजे शाळेच्या वेळेतच, आणि तो साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. गटार तुंबलं की आपण महापालिकेला फोन करतो, पण अळ्या सापडल्या त्या स्टाफरूममधल्या मनी प्लांटच्या बाटल्यांत, फ्रिजखालच्या ताटलीत, गच्चीवर तुंबलेल्या पन्हाळीत आणि क्रीडासाहित्यावर टाकलेल्या ताडपत्रीच्या खोलगट भागात. महापालिकेची माणसं धूर फवारणी करून गेली, पण धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळीला काही होत नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून दर शनिवारी कोरडा दिवस ठेवला. नुसतं पाणी ओतून चालत नाही, भांडं आतून घासावं लागतं. अंडी कडेला चिकटलेली असतात आणि सुकली तरी टिकतात, पुन्हा पाणी आलं की फुटतात. हे काम आठवीच्या मुलांनी उचललं. विज्ञानाच्या बाईंनी त्यांना एका काचेच्या बरणीत अळ्या ठेवून दाखवल्या. शेपटीकडची नळी पाण्याच्या वर काढून श्वास घेणाऱ्या त्या अळ्या बघितल्यावर मुलांनी शाळेत एक बाटली शिल्लक ठेवली नाही. मनी प्लांट मातीच्या कुंडीत गेले. दोन बाईंना ते आवडलं नव्हतं, पण त्यांनीही नंतर मान्य केलं.

आता परवान्याचं. व्यावसायिक पेस्ट कंट्रोल करणाऱ्याला कीटकनाशक अधिनियम १९६८ आणि १९७१ च्या नियमांखाली परवाना लागतो आणि तो राज्याच्या कृषी विभागाकडून मिळतो. दुकानाचा परवाना, जीएसटी क्रमांक, कुठल्या तरी संघटनेचं सदस्यत्व, ही कागदं पुष्कळ जण पुढे करतात. त्यावर थांबू नका. १४ ऑगस्टपासून मी पाच जणांना बोलावलं. कृषी विभागाचा चालू परवाना दोघांनीच दाखवला. तिसऱ्याने दाखवलेल्याची मुदत संपलेली होती. एकाच्या दरपत्रकात चक्क डीडीव्हीपी लिहिलेलं होतं. ते म्हणजे डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक, आणि त्याच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात पूर्ण बंदी आहे. मी तसं म्हटल्यावर तो म्हणाला, “मॅडम, दुसरं लिहून देतो.” मी नको म्हटलं.

‘हर्बल’ या शब्दालाही भुलू नका. पाचांपैकी चौघे हर्बल म्हणत होते. झुरळांसाठी सिरिंजने थेंबथेंब लावायचं जेल असतं, झुरळं ते खाऊन मरतात. मी प्रत्येकाला त्या सिरिंजवरचं लेबल मागितलं. दोघांच्या जेलमध्ये फिप्रोनिल ०.०५ टक्के होतं, एकाच्यात इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के. दोन्ही रासायनिक कीटकनाशकं आहेत. ती योग्य जागी, थेंबाथेंबाने लावली तर फवारणीपेक्षा कितीतरी बरी, कारण हवेत काही जात नाही. पण त्यांना हर्बल म्हणणं खोटं आहे, आणि दम्याच्या मुलाच्या आईला आपण ते खोटं सांगायचं नाही. लेबलवरचा चौकोन बघायला शिका. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. आम्ही करारात लिहिलं की लाल आणि पिवळा शाळेच्या फाटकाच्या आत येणार नाही.

गणपतीत आठवडा गेला. २१ सप्टेंबरच्या बैठकीत मी तीन दरपत्रकं आणि नकाशा ठेवला. सगळ्यात जास्त चर्चा गवंडीकामावर झाली. “एवढे पैसे भिंतीची भोकं बुजवायला?” असं एका सदस्यांनी विचारलं. मी १७ नंबरचा सापळा प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेला होता. तो टेबलावर ठेवला. मंजुरी मिळाली.

करार नव्याने लिहून घेतला, आणि त्यात हे लिहिलं: फवारणी महिन्याच्या ठरावावर नाही, मोजणीवर. कॅन्टीनमध्ये एका सापळ्यात आठवड्याला दोनपेक्षा जास्त झुरळं आली तर जेल. वर्गात एखादं झुरळ दिसलं तर औषध नाही, आधी डबा-कचरा बघायचा. उंदराची एक लेंडी किंवा डासाची एक अळी दिसली तरी त्याच दिवशी काम. मधमाश्यांचं पोळं किंवा गांधीलमाशीचं घर दिसलं तर ती जागा बंद, मुलं लांब, मगच पुढचं. फवारणी अगदीच करावी लागली तर शनिवारी शाळा सुटल्यावर, आणि तीन दिवस आधी फलकावर व पालकांच्या ग्रुपवर औषधाचं नाव, जागा आणि वेळ. दमा असलेल्या मुलांची यादी वर्गशिक्षकांकडून घेतली. ती १९ निघाली. आमच्या ऑफिसात तोवर चारचीच नोंद होती.

५ ऑक्टोबरला कॅन्टीनमध्ये जेल लावलं. १४ तारखेला १७ नंबर ८८ वरून १९ वर आला होता. २१ तारखेला मोजलं तर ४१. मी घाबरले. पेस्ट कंट्रोलचा नवा माणूस आला, गुडघ्यावर बसला, बोटाने फ्रिजमागची भिंत पुसली आणि वास घेतला. “कोणी तरी स्प्रे मारलाय,” म्हणाला. कॅन्टीनच्या मुलाने चार झुरळं दिसली म्हणून घरून फवाऱ्याचा डबा आणला होता. स्प्रेचा वास बसला की झुरळं जेलला तोंड लावत नाहीत, उलट पांगून दुसरीकडे जातात. स्टाफरूममध्ये ती वाढली होतीच. जेल खरवडून, भिंत साबणाने पुसून, सगळं पुन्हा केलं. त्या मुलाला कोणी रागावलं नाही. त्याला आम्ही सांगितलंच नव्हतं, चूक तिथे होती. त्यानंतर कॅन्टीनच्या भिंतीवर मराठी आणि हिंदीत पाटी लावली: इथे स्प्रे, झुरळांचा खडू, डांबरगोळ्या काही वापरू नये.

दिवाळीच्या सुट्टीत मोठी कामं उरकली. दारांखाली रबरी पट्ट्या, पाइप भिंतीतून जातो तिथे सिमेंट, डक्टच्या तोंडाला ६ मिलिमीटरची जाळी, कबुतरांसाठी नेट, स्वच्छतागृहांत नवे नहाणी ट्रॅप (सांडपाण्याच्या तोंडाशी गटारातली झुरळं अडवणारे) आणि तुटलेली चेंबरची झाकणं. ग्रंथालयातल्या दोन कपाटांना वाळवी लागली होती. तिथे छिद्रं पाडून औषध भरण्याचं काम सुट्टीच्या पहिल्याच दिवशी केलं, म्हणजे शाळा उघडेपर्यंत खोली उघडी राहिली. जुन्या इमारतीतल्या वाळवीसाठी आयएस ६३१३ भाग ३ हे मानक आहे, तेवढं कामाच्या आदेशात लिहा. कुंपणाबाहेरच्या गटाराचं झाकण मात्र राहिलं. अर्ज सप्टेंबरमध्ये दिला होता, पण १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि नवीन कामांचे आदेश थांबले. ते झाकण जानेवारीत बसलं. २० नोव्हेंबरच्या मतदानासाठी शाळाही दिली होती. त्या दोन दिवसांत खोल्या झाडताना आमचे अकरा सापळे कचऱ्यात गेले, त्यामुळे त्या आठवड्याची मोजणी वहीत कोरी आहे. कोरीच ठेवली, अंदाजाने भरली नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते कचऱ्याचं. दुपारचं सत्र पावणेसहाला सुटतं. सफाईच्या मावशींची वेळ सकाळी सात ते साडेतीन. म्हणजे दुपारच्या सत्रातले डब्यांचे खरकटे, केळ्याच्या साली, बिस्किटाचे कागद रात्रभर वर्गातल्या टोपलीत. उंदरांना रोज संध्याकाळी पंगत मांडून आपण घरी जात होतो. उपाय एका ओळीचा होता: टोपल्या सहाला रिकाम्या व्हायला हव्यात. पण मावशींपैकी दोघी रबाळ्याहून येतात, एकीला घरी सासूचं बघायचं असतं, आणि सात वर्षांत त्यांची वेळ कोणी बदललेली नव्हती. मी पहिल्यांदा नोटीस काढली, ती चूक झाली. दुसऱ्या दिवशी तिघी माझ्या टेबलासमोर उभ्या. “मॅडम, तुम्ही वहीत झुरळं मोजता, आमचे तास पण मोजा,” असं त्यातल्या वयाने मोठ्या मावशी म्हणाल्या. त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

तीन आठवडे बोलणी चालली. शेवटी आलटून-पालटून एकीने साडेनऊ ते सहा यायचं ठरलं. त्या आठवड्याचा रिक्षाखर्च संस्थेने द्यायचा. महिन्याला साधारण ९०० रुपये जातात. शिवाय मुलांनी डबा वर्गात न खाता मधल्या पॅसेजमध्ये खायचा, तिथे झाकणाचे दोन मोठे डबे. डिसेंबरात ते सुरू झालं आणि पंधरा दिवसांत वर्गांतल्या लेंड्या थांबल्या. या कामात औषधाचा थेंबही नव्हता, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गुण त्याचाच आला.

घुशींसाठी पिंजरे लावले. आमिष म्हणून आधी भजी, मग शिपाई काकांच्या सांगण्यावरून सुका बोंबील. बोंबलाला जास्त आल्या, तीन आठवड्यांत अकरा. उंदरांचे चिकट पुठ्ठे आम्ही वापरले नाहीत. चिकटून ओरडणारा जीव सकाळी बालवाडीच्या मुलांना दिसावा असं मला वाटत नव्हतं. विषारी वडी, ब्रोमाडिओलोन या उंदीरनाशकाची, फक्त कुंपणाबाहेरच्या बाजूला आणि कुलपाच्या पेटीतच. पिंजरा हाताळताना हातमोजे आणि गमबूट सक्तीचे, कारण उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो. काकांना हे दोन-तीनदा सांगावं लागलं. ते म्हणायचे, “मॅडम, आयुष्यभर उघड्या हाताने पकडलेत.” शेवटी त्यांच्या मुलीला फोन केला, मग घालायला लागले.

खर्च एकत्र सांगते, कारण बैठकीत तोच विचारतात. गवंडीकाम, जाळ्या आणि पट्ट्या ५८,४००. चेंबरची झाकणं ११,२००. नेट १४,५००. वाळवीचं काम करासह १८,८८०. नवा वार्षिक करार करासह ५६,६४०. सापळे, टॉर्च, कचऱ्याचे डबे ९,३००. एकूण १,६८,९२० रुपये. आधीच्या जवळपास चौपट. दुसऱ्या वर्षी करार आणि किरकोळ दुरुस्ती एवढंच राहतं, पण पहिल्या वर्षाचा आकडा कमी सांगून मंजुरी घेऊ नका, मध्येच पैसे संपले की अर्धी भोकं उघडी राहतात. आमच्याकडे शिक्षक-पालक संघाने २०,००० दिले, बाकी संस्थेने.

३ मार्च २०२५ ला चाळीस सापळ्यांत मिळून १७ झुरळं होती. अकरा महिन्यांत फवारणी एकदाच झाली, जानेवारीत, मागच्या चेंबरमध्ये, सूचना लावून. बालवाडीत फेब्रुवारीत मुंग्या आल्या होत्या. बिस्किटांचा डबा बदलल्यावर गेल्या.

तिसरीतली ती मुलगी आता चौथीत आहे. तिची आई १६ जूनला, शाळा उघडली त्या सोमवारी, ऑफिसात आली. फोनशेजारचा कागद तिने उभ्याउभ्या पूर्ण वाचला, औषधांची दोन्ही नावं मोबाइलमध्ये टिपून घेतली आणि विचारलं, “यंदाची यादी झाली का? हिचं नाव आहे ना?” मी तिला यादी दाखवली.

त्याच दिवशी मोजणी केली. १७ नंबरात तीन झुरळं, म्हणजे पातळीच्या वर, जेल लावावं लागणार. कुंपणालगत पावसाने माती खचून घुशीचं एक बीळ पुन्हा उघडलं आहे आणि पूर्वेच्या दाराची रबरी पट्टी एका कोपऱ्यात कुरतडली आहे. रबराऐवजी तिथे पत्रा मारायचा आहे. गवंडी गुरुवारी येतो म्हणालाय.